छत्तीस गुणांचा आवाज

परदेशातल्या मुलाने आईवडिलांना पाठवलेल्या वस्तूंचे एक ठरलेले आयुष्य असते. आधी ती शेजाऱ्यांना दाखवायची, मग जपून ठेवायची आणि मग विसरून जायची. आमच्या महाडच्या घरी २०२२ च्या दिवाळीत आलेल्या हेडफोनचेही तेच व्हायचे होते. जर्मन बनावटीचा, कानांवर मखमली गाद्या असलेला, हातात घेतला तर पिसासारखा हलका. खोके उघडल्याबरोबर मी तो मोबाइलला जोडला, मल्लिकार्जुन मन्सूरांचे एक ध्वनिमुद्रण लावले आणि डोळे मिटले. आवाज आला तो पलीकडच्या आळीत कुणाचा तरी रेडिओ लागल्यासारखा. बारीक, पातळ आणि दूरचा. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली तरी तीच गत. घरातून शेरा आला, "याच्यापेक्षा आपला जुना टू-इन-वन काय वाईट होता?"

मुंबईच्या एका दुकानदाराला फोन करून विचारले. तो म्हणाला, "काका, नवीन आहे. शंभर तास वाजवत ठेवा, आपोआप मोकळा होईल." मी शहाण्यासारखा तो चार दिवस नि चार रात्री उशीखाली वाजवत ठेवला. शंभर तासांनी तो होता तसाच होता, माझी झोप मात्र गेली होती.

मन्सूर ऐकायचे राहिले असते तरी माझे फारसे अडले नसते. मला त्या हेडफोनवर ऐकायचे होते ते वेगळेच. आमचे मूळ गाव पोलादपूर तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यात. तिथल्या घरात १९८८ च्या शिमग्याला मुंबईहून आलेल्या चुलतभावाने आपल्या टेपरेकॉर्डरवर आईच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. पहाटेची वेळ, जात्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला माझी मोठी बहीण. एकच कॅसेट, एकच बाजू. अशा ओव्या गोळा करण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आयुष्य घालवले. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आमची कॅसेट त्यात नाही. ती फक्त आमची होती.

होती, असेच म्हणावे लागते. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या, तेव्हा तळमजल्यावरचे आमचे कपाट कॅसेटींसकट चिखलात गेले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही घरे गाडली गेली. त्यापुढे कॅसेटचे दुःख ते काय करायचे! शिवाय भाच्याने २०१९ मध्येच ती संगणकावर उतरवून ठेवली होती. पण उतरवताना आवाजाची पातळी बेताचीच राहिली. ओव्या संपल्यावर जाते थांबते आणि आई हळूच काहीतरी बोलते. काय बोलते ते आम्हाला कधीच नीट कळले नव्हते. ताईचे म्हणणे, "ती म्हणतेय, 'बास कर आता'. त्या टेपवाल्याला वैतागली होती." मला ते पटत नसे, पण माझ्याकडे दुसरे उत्तरही नव्हते. मोबाइलच्या स्पीकरवर तिथे नुसती खरखर येई.

उलगडा केला तो बिरवाडीच्या एका गृहस्थांनी. त्यांनी आकाशवाणीत अभियंता म्हणून उमेद घालवली आणि निवृत्तीनंतर गावी आले. हेडफोनकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. आधी खोक्यातला कागद मागून घेतला. चष्मा वर करून वाचला आणि हसले. "मास्तर, मुलगी चांगली आहे हो. तुम्ही स्थळ चुकीचे पाहिलेत."

कागदावर दोन आकडे होते : ३०० ओहम, आणि एका व्होल्टला ९७ डेसिबल. त्यांनी मला समजावले ते आमच्या गच्चीवरच्या टाकीचा दाखला देऊन. व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची, करंट म्हणजे वाहणारे पाणी आणि ओहम म्हणजे नळाचा अरुंदपणा. तीनशे ओहमचा हेडफोन म्हणजे फार बारीक नळ. त्यातून जोरात धार हवी तर टाकी उंचावर हवी. मोबाइलची टाकी बिचारी खिडकीच्या उंबऱ्यावर ठेवलेली. फार तर अर्धा व्होल्ट, कधी एक. अर्ध्या व्होल्टला माझा हेडफोन ९१ डेसिबलपर्यंत जाणार, तेही गाण्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणाला. आपल्या गायकीतली संथ आलापी त्याच्या वीस-तीस डेसिबल खाली असते. म्हणजे उरले साठ-सत्तर. खोलीतला पंखा पन्नासच्या आसपास घरघरत असतो आणि माझा हेडफोन पाठीमागून उघडा, जाळीचा. पंखा थेट कानात.

मग कमी ओहमचा घेतला की झाले, असे मला वाटले. तेही पुरते खरे नाही. बायरडायनामिक ही जर्मन कंपनी आपला ‘डीटी ७७०’ हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत विकते. चपलेचे नंबर असावेत तसे : मोबाइलवाल्याने ३२ घ्यावा, स्टुडिओतल्याने २५०. इथपर्यंत ठीक. पण ‘हायफायमॅन’चा ‘एचई-६’ हा हेडफोन फक्त ५० ओहमचा, आणि तरीही भल्याभल्या अँप्लिफायरांना घाम फोडणारा. कारण तो बहिरट आहे. एक मिलिवॉट दिला तर ८३.५ डेसिबल. दर दहा डेसिबल चढायला दहापट ताकद लागते, म्हणजे १०३.५ ला पोचायला शंभर मिलिवॉट. तेव्हा ओहम आणि संवेदनशीलता, दोन्ही पत्रिका पाहाव्या लागतात. नुसती रास जुळून संसार होत नाही.

माळ्यावर माझा जुना स्टीरिओ अँप्लिफायर होता. वरच्या मजल्यावर असल्याने पुरातून वाचलेला. त्याला हेडफोनचे जाड भोक होते. जोडला मात्र, आणि मन्सूर समोर येऊन बसले! पातळपणा गेला, तंबोऱ्याचा खर्ज पोटात वाजू लागला. मी बिरवाडीला विजयी फोन केला. पलीकडून शांतपणे विचारणा झाली, "डग्गा कसा वाटतो?" पुन्हा ऐकले. डग्गा खरोखरच फुगला होता, ओल्या भाकरीसारखा. भाच्याने त्याचे ३२ ओहमचे इअरफोन लावून पाहिले, तर त्याला चेहरामोहराच उरला नाही.

जुन्या यंत्रांत हेडफोनसाठी वेगळी व्यवस्था करत नसत. स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाच्या वाटेत दोन-चारशे ओहमचा एक रोध घालायचा आणि तोच आवाज हेडफोनला द्यायचा, एवढे सोपे. पण हेडफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. माझ्यासारख्या हेडफोनचे ते खालच्या सुरांना चांगलेच वाढतात. वाटेतला रोध मोठा असला की या चढउताराप्रमाणे आवाजाची वाटणी होते आणि खर्जाला वाजवीपेक्षा जास्त वाटा मिळतो. म्हणून जाणकारांचा एक ठोकताळा आहे : अँप्लिफायरचा स्वतःचा रोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. तीनशेला सदतीस चालतात, बत्तिसाला चारच. खरेदीच्या वेळी हा आकडा विचारा. दुकानदार गोंधळला तर दुसऱ्या दुकानात जा.

अखेर भाच्याने मुंबईहून हातात मावेल एवढा हेडफोनसाठीचाच अँप्लिफायर आणला. त्याचा रोध एका ओहमहून कमी. सोबत डिजिटल आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी एक डबी, जिला ही मंडळी ‘डॅक’ म्हणतात. आता सगळे सुरळीत व्हावे, तर लॅपटॉप जोडताच एक घुंऽऽ सुरू झाली. अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावला तर मुंग्या येत. मी यंत्र परत करायला निघालो होतो. आमच्या वायरमनने आधी लॅपटॉपचा चार्जर काढला. घुंऽऽ बंद. "यंत्रात काय नाय. तुमच्या घराला अर्थिंगच नाय." पुरानंतर वायरिंग नवे केले, पण अर्थिंगचा खड्डा जुनाच, पट्टी गंजून तुटलेली. नवा खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरले, वर पाणी ओतले. मुंग्या गेल्या, घुंऽऽही गेली. हजारो रुपयांच्या यंत्राचा सूर शेवटी दोन पाटी कोळशाने लागला! उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालायला मात्र विसरायचे नाही.

आता डॅकविषयी. या विषयावर लोक भांडतात तेवढे घराणेदार गवईसुद्धा भांडत नसतील. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ठेवलेला असतो आणि प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांचा जिना असतो. त्यातून सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. हे आकडे पुन्हा आवाजात उतरवणे ही आज स्वस्त झालेली विद्या आहे. भाच्याने माझी परीक्षा घेतली. एक मोबाइलला लावायची शेपटीएवढी डॅक आणि एक त्याच्या मित्राची भारी किमतीची. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला, वर पंचा टाकला आणि दहा वेळा अदलाबदल केली. मी पाच वेळा बरोबर आलो. नाणे उडवले असते तरी तेवढेच झाले असते. २०२० मध्ये जपानात नोबेओका इथल्या चिपच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा डॅकवाल्यांना दुसऱ्या चिप घेऊन यंत्रे नव्याने आखावी लागली. त्यामुळे कुणाचा भीमपलास बिघडल्याचे ऐकिवात नाही. जुन्या लॅपटॉपच्या भोकात माउस हलवला की किरकिर येते, तिथे वेगळी डॅक जरूर घ्यावी. बाकी पैसे आधी हेडफोनवर घालावेत, मग त्याला पेलणाऱ्या अँप्लिफायरवर आणि उरलेच तर डॅकवर. माझ्या आईची कॅसेट तर मुळातच पन्नास-पंचावन्न डेसिबलच्या पल्ल्याची, पुढे सगळी खरखर. तिला भारी डॅक म्हणजे नांगराच्या बैलाला चांदीची घुंगरे.

हेडफोन कोणता, हे मात्र आमच्याकडे पाऊसही ठरवतो. पावसाळ्यात पोलादपूरच्या घरी पत्र्यावर सर कोसळते तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाला ओरडून सांगावे लागते. तिथे जाळीचा उघडा हेडफोन म्हणजे छत्री विसरून बाहेर पडणे. बंद पाठीचा हवा. त्याने कान घामाघूम होतात आणि गाद्यांना बुरशी येते, ही त्याची किंमत. मी माझा उघडाच ठेवला आहे आणि जून ते सप्टेंबर तो डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. गाणे दसऱ्यानंतर.

ताकदवान अँप्लिफायर घरात आल्यावर एक धोकाही येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० ला जेमतेम चार तास. चांगला हेडफोन कर्कश होत नाही, त्यामुळे आपण किती वर चढलो ते कळत नाही. आमच्याकडे बटणावर नेलपॉलिशची एक खूण आहे. तिच्यापुढे जायचे नाही, असा नियम.

तो नियम एकदाच मोडला. कार्तिकातली रात्र, ताई महाडला राहायला आली होती. पंखा बंद केला, फ्रिजचेही बटण काढले. ताईच्या कानावर हेडफोन बसवला आणि ओव्या लावल्या. जात्याची घरघर मोठी, म्हणून आवाज बेताचा ठेवला. ताई आधी नुसती बसून होती, मग तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला. जाते थांबले तसा मी बटण फिरवले, खुणेच्या बरेच पुढे. मला बाहेरून, जाळीतून, फक्त खरखर ऐकू येत होती. ताईने हात वर केला. मी पुन्हा मागे नेऊन लावले. पुन्हा. तिसऱ्या वेळेनंतर तिने हेडफोन माझ्या कानावर ठेवला.

खरखरीच्या मागे, अगदी जवळ, आई म्हणत होती : "जा गं, च्या टाक. दमलीस तू."

मी ताईकडे पाहिले. ती पदराने चष्मा पुसत होती.

"च्या मी टाकलाच नव्हता," ती म्हणाली. "साखर संपली होती. हिच्यासाठी शेजारी मागायला गेले, तर त्यांची दारं बंद."