उरलेले तिघे

तिघांनी मिळून कुठं निघायचं म्हटलं, की आमची आजी कुणाच्या तरी खिशात एक खडा टाकायची. हा चौथा! 'तीन तिघाडा, काम बिघाडा' यावर तिची ठाम श्रद्धा होती. १९७८ साली जेनेसिस नावाच्या इंग्रजी बँडनं आपल्या अल्बमचं नावच '...अँड देन देअर वर थ्री...', म्हणजे 'आणि मग उरले तिघे', असं ठेवलं, तेव्हा मला पहिल्यांदा आजीच आठवली.

मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होतो. मित्राचे मामा लंडनला असत. त्यांनी आणलेल्या रेकॉर्डी आम्ही दोघं त्याच्या माडीवर दार लावून ऐकायचो. चार्टरहाऊस या शाळेतल्या मुलांनी १९६७ च्या सुमारास सुरू केलेला हा बँड प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचा. त्यांचं १९७२ चं 'सपर्स रेडी' हे गाणं जवळजवळ तेवीस मिनिटांचं! बड्या ख्यालासारखं ते सावकाश उलगडत जायचं. गायक पीटर गॅब्रिएल कधी कोल्ह्याचा मुखवटा, तर कधी डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या लावून रंगमंचावर यायचा.

१९७५ मध्ये गॅब्रिएल बाहेर पडला. बाहेरून गायक आणायचं सोडून ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्सच गायला लागला. १९७७ मध्ये गिटारवाला स्टीव्ह हॅकेटही गेला. उरले कॉलिन्स, कीबोर्डवरचा टोनी बँक्स आणि बेस वाजवणारा माइक रदरफर्ड. आता सगळी गिटारही रदरफर्डच्याच गळ्यात पडली.

या तिघांनी केलेल्या अल्बममध्ये अकरा गाणी होती. सर्वांत लांबलेलं गाणं सात मिनिटांच्या आसपास. शेवटचं 'फॉलो यू फॉलो मी' तर चार मिनिटांचं साधंसुधं प्रेमगीत. इंग्लंडमध्ये पहिल्या दहांत पोचलेलं त्यांचं हे पहिलंच गाणं. एव्हाना लंडनमध्ये पंक संगीताची लाट आली होती आणि लांबलचक गाण्यांची टिंगल चालली होती.

रेकॉर्ड संपली. मित्रानं ती पाकिटात घातली आणि म्हणाला, "विकले गेले." मीही मान डोलावली. अठराव्या वर्षी असे निकाल फार पटकन लागतात.

पुढं आम्ही दोघं एकाच बँकेत लागलो. २००१ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा माझ्या शाखेत अकरा माणसं होती. त्यातली पाच गेली. मित्र दुसऱ्या शाखेत होता, त्यानंही अर्ज दिला. मी राहिलो. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं आणि घराचं कर्ज फिटायचं होतं. लेजरं जाऊन कॉम्प्युटर आले. पूर्वी मी ग्राहकाला बसवून त्याच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंतची चौकशी करायचो. आता मान वर न करता पुढच्याला हाक मारू लागलो.

एके दिवशी मित्र मुदत ठेवीच्या कामाला आला. रांगेत पाऊण तास उभा राहिला. खिडकीशी पोचल्यावर हसून म्हणाला, "लेका, तूही शेवटी चार मिनिटांचं गाणं झालास!"

मीही हसलो. पण ते लागलं. पुढं कित्येक महिने मी त्याच्याकडे गेलो नाही.

त्या रात्री मात्र मी तोच अल्बम कॅसेटवर पुन्हा ऐकला. थोर अल्बम नाही तो. कीबोर्डचा थर जाड आहे, गिटार काही ठिकाणी बिचकते. पण या खेपेला मला ते बिचकणंच ऐकू आलं. पाच जणांचं ओझं तिघांनी उचललेलं होतं. जाणाऱ्याला निरोप समारंभ असतो, हार असतो, नवी वाट असते. राहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडावं लागतं आणि हाताशी जे आहे त्यात भागवावं लागतं. सूर बदलतो तो दर वेळी लोभानंच बदलतो असं नाही. तसाच गाऊ म्हटलं, तर गायला माणसंच नसतात.

२६ मार्च २०२२ रोजी लंडनच्या ओटू सभागृहात जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला. रंगमंचावर मुख्य तेच तिघे. कॉलिन्सला आजारपणामुळे ड्रम वाजवता येत नव्हते, तो खुर्चीत बसून गायला. मागं ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. आणि समोर, प्रेक्षकांत, पीटर गॅब्रिएल.

ही बातमी मी मित्राला फोनवर सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गेलेला शेवटी ऐकायला आला म्हणायचं. रविवारी येतो. रेकॉर्ड अजून आहे माझ्याकडे."

मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "जेवायलाच थांबवा. आपण तिघंच तर असू."

रविवारी सकाळी फिरून येताना मी रस्त्यावरचा एक खडा उचलून खिशात टाकला.