तुरटीचा हिरा आणि पुसदचं ऊन

विज्ञान प्रदर्शन म्हटलं की निम्म्या पोट्ट्यांना ज्वालामुखीच करायचा असतो. सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फस्स! अर्ध्या मिनिटात खेळ खलास. स्फटिकाचं उलटं. बरणी ठेवायची आणि दोन आठवडे हात लावायचा नाही. हात न लावणं हाच खरा प्रयोग. सामानासाठी पुसदबाहेर जायला नको. तुरटी, मीठ, साखर किराणा दुकानात, मोरचूद कृषी केंद्रात.

पहिला मान तुरटीचा. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशांना सुमारे १४ ग्रॅम तुरटी विरघळते, ५० अंशांना सुमारे ३७. म्हणून गरम पाण्यात भरपूर विरघळवा आणि निवू द्या; जास्तीची तुरटी खडे होऊन बुडाशी बसते. कपाशीसारखंच इथेही आधी बी लागतं. त्या खड्यांतला आठ बाजूंचा, नीटस असा एक निवडा, तंगुशीला बांधा आणि गाळलेल्या, पूर्ण निवलेल्या द्रावणात मधोमध टांगा. कोमट द्रावणात सोडलात तर बी गायब! शिवणाचा दोराही नको. त्याच्या तंतूंवर भलतेच खडे धरतात आणि हिऱ्याऐवजी घोस लटकतो.

आता पुसदची गोम. रात्री गारव्यात खडा वाढतो, दुपारी पारा चढला की तेच पाणी त्याला पुन्हा खातं. सकाळी बोराएवढा दिसलेला खडा संध्याकाळी वाटाण्याएवढा. पोरगं धाकट्या भावावर संशय घेतं. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या गावात तुरटी वाढवणं म्हणजे हट्टच. मिठाचं तसं नाही. शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ते सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यातही जेमतेम ३९. उन्हाने मीठ परत विरघळत नाही, फक्त पाणी उडतं आणि चौकोनी ठोकळे उरतात. तेव्हा हिवाळ्यात तुरटी, उन्हाळ्यात मीठ. बरणीवर भोकं पाडलेला कागद बांधा. पाणी घाईने उडालं की ठोकळ्यांऐवजी नुसता चुरा मिळतो.

सर्वांत मोठा स्फटिकप्रयोग मात्र शेजारच्या उमरखेड तालुक्यात, पोफाळीला उभा आहे. साखर कारखाना दुसरं काय करतो? रस आटवायचा, त्यात साखरेच्या बारीक भुकटीचं बी सोडायचं आणि दाणे वाढवायचे. वाण्याकडच्या पोत्यावर एस-३० किंवा एम-३० लिहिलेलं असतं, त्यातलं अक्षर दाण्याचा आकार सांगतं: एस म्हणजे लहान, एम म्हणजे मध्यम. गुलाबजामच्या पाकात आई लिंबू पिळते तेव्हा ती हाच प्रयोग उलटा करते. आंबटामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि पाक साखरत नाही.

मध साखरला म्हणजे भेसळ, हा गैरसमज. त्यातलं ग्लुकोज दाणे धरतं, एवढंच. रवाळ तुपातला रवासुद्धा स्निग्धाचा स्फटिकच.

मोरचूद दिसायला सगळ्यांत देखणं, पण विषारी. विदर्भातले संत्रावाले ते चुन्याबरोबर कालवून बोर्डो मिश्रण करतात. त्याचा निळा खडा तापवला की पांढरा पडतो, पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा. १९१२ साली म्युनिकला माक्स फॉन लाउए यांच्या सांगण्यावरून एका स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि पडद्यामागच्या अणूंच्या रांगांचा पहिला पुरावा हाती आला. तो स्फटिक याच मोरचुदाचा होता! लाउएंना १९१४ चं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी मिठासारख्या स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या ब्रॅग बापलेकांनाही मिळालं. लेक तेव्हा अवघा २५ वर्षांचा. मोरचुदाला हातमोज्यांशिवाय आणि मोठ्या माणसाशिवाय शिवू नका.

पुसदभोवतीच्या डोंगरांचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अशा दगडाच्या पोकळ्यांत निसर्गाने आपल्या बरण्या लावल्या. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट जगभर नावाजलेलं आहे. असले नग बघायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा. आपल्याच जिल्ह्यात, झरी जामणीकडच्या शिबला-पारडीला दगडाचे कोनदार खांब सापडले. ते स्फटिक मात्र नव्हेत! निवताना आकसलेल्या लाव्ह्याला गेलेल्या त्या भेगा.

आणि उन्हाची तक्रार करणाऱ्यांसाठी: मेक्सिकोत नायका इथल्या खाणीत, जमिनीखाली सुमारे ३०० मीटरवर, ११ मीटर लांबीचे जिप्समचे स्फटिक आहेत. तिथलं तापमान ५८ अंश. आपला मे परवडला.

शेवटचं, प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाचं. कोरड्या हवेत तुरटीचा खडा हळूहळू पाणी सोडतो आणि पांढुरका पडतो. कोरडा पुसून त्याला बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात द्या. ताईची बाटली असेल तर आधी विचारून घ्या.