आडनावाची वाडी, गावाचे आडनाव

मराठी आडनाव गावाच्या नावाला ‘कर’ जोडून तयार होते हा समज सर्वत्र रूढ असला, तरी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून फिरताना त्याच्या नेमके उलट चित्र दिसते. काटेवाडी, भरणेवाडी, गलांडवाडी या नावांत गाव कुळाच्या आडनावाने ओळखले गेले आहे. मूळ गावापासून दूर, आपल्या शेतात एखादे घर वस्ती करून राहिले, त्याची भावकी, म्हणजे एकाच मूळ पुरुषापासून झालेली घराणी, तेथेच वाढली, की त्या वस्तीची वाडी होते आणि आडनाव तिला चिकटते. पुढे इतर कुळे येऊन वसली तरी नाव बदलत नाही. काट्यांच्या नावाची काटेवाडी आज महाराष्ट्रभर पवारांचे गाव म्हणून माहीत आहे.

‘कर’ हा प्रत्यय लागतो तो बहुधा गाव सोडून बाहेर पडलेल्या माणसाला, कारण गावातल्या गावात त्या ओळखीचा उपयोग नसतो. पेशव्यांचे सावकार बाबूजी नाईक हे मूळचे कोकणातले जोशी. परंतु बारामतीस स्थायिक झालेले हे घराणे दरबारात बारामतीकर म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या आश्रयाने बारामतीत राहिलेले कवी मोरोपंत (१७२९–१७९४) मात्र अखेरपर्यंत पराडकरच राहिले. पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या दोन मुलींपैकी भिऊबाई बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांना आणि अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिली होती, आणि गंमत अशी की हे घोरपडेही मूळचे जोशीच. व्यंकटरावांचे वडील नारो महादेव यांनी आपले आश्रयदाते सेनापती संताजी घोरपडे यांचे आडनाव कृतज्ञतेने स्वीकारले होते. एकाच पिढीतल्या या दोन जोशी घरांपैकी एकास गावाने आणि दुसऱ्यास धन्याने आडनाव दिले.

इंग्लंडातही हेच घडले. वॉशिंग्टन हे आडनाव डरहॅम परगण्यातील त्याच नावाच्या गावावरून आले, तर स्मिथ हे लोहाराच्या धंद्यावरून; आपल्याकडे धंद्याची जागा पाटील, कुलकर्णी, देशमुख अशा वतनांनी घेतली.

आडनाव एक असले म्हणजे रक्त एक, असे मानणे मात्र धाडसाचे ठरेल. पवार हे आडनाव माळव्यातील परमार कुळाशी जोडले जाते, धार आणि देवासची राजघराणी याच नावाची; पण हेच आडनाव मराठा, बौद्ध, पारधी, बंजारा अशा अनेक समाजांत आढळते. म्हणूनच सोयरीक जुळवताना जुनी माणसे आडनावावर न थांबता मूळ गाव, कुलदैवत आणि देवक, म्हणजे लग्नकार्यात पुजले जाणारे कुळाचे झाड किंवा वस्तू, यांचीही चौकशी करतात. आपल्या घराण्याचा माग काढू पाहणाऱ्यांनी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना हे तीन प्रश्न विचारावेत आणि मग तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहावेत.