पाण्यात किती जणांनी उतरावे?

(विज्ञान कोपरा – इयत्ता 7 वी)



आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यंत्रावरच्या बोटींना मासेमारी बंद असते. मासळीला अंडी घालायला उसंत मिळावी म्हणून ही बंदी. म्हणजे किती दिवस मासे धरायचे यावर हे बंधन झाले. पण काही देशांत काही मासेमारींवर निराळेच बंधन आहे. तिथे किती माणसांनी मासेमारी करायची तेच ठरवून टाकतात. सरकार मोजून परवाने देते आणि परवाने संपले की दार बंद. नवा कोणी आला तर त्याला सांगतात, बाबा रे, थांब.

हे वर्गात ऐकले तेव्हा बऱ्याच जणांना राग आला. समुद्र काय कोणाच्या मालकीचा आहे का, असे एकाने विचारलेसुद्धा. प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी हे बंधन का घालतात ते पाहू.

असे बंधन बुडी मारून करायच्या मासेमारीत फार लागते. पाणबुड्या रबरी पोशाख घालतो, पाठीवर हवेची टाकी बांधतो किंवा होडीतून नळीने हवा घेतो आणि तळाशी जाऊन हाताने माल उचलतो. हा माल म्हणजे शिंपले, गोगलगायी असले प्राणी. ते पळत नाहीत. आपल्याकडे ओहोटीला बायका खडकावरची कालवं काढतात ना, तसेच हे काम, फक्त खोल पाण्यातले.

जाळे आंधळे असते, पाणबुड्याला डोळे असतात. तो एक खडक साफ करतो, मग पुढच्या खडकावर जातो, मग त्याच्या पुढच्या. बाजारात टोपल्या भरलेल्याच येतात, म्हणून वरून बघणाऱ्याला वाटते की माल भरपूर आहे. मागचे खडक ओस पडले हे कोणाच्या लक्षात येत नाही. आणखी एक गोष्ट आहे. यातल्या पुष्कळ प्राण्यांचे नर आणि मादी आपापले बीज नुसते पाण्यात सोडतात. ते जवळजवळ असले तरच बीज एकमेकांना मिळते. चार इथे, दोन तिथे असे विखुरलेले उरले तर प्राणी जिवंत असूनही पिल्ले होत नाहीत.

आता अमेरिकेतल्या मेन राज्याची गोष्ट ऐका. तिथल्या थंड समुद्रात सी-अर्चिन नावाचा प्राणी असतो. दिसायला हिरवट काट्यांचा चेंडू. तिथले कोळी शेवंडासाठी पिंजरे लावतात, त्यात हा घुसायचा, म्हणून त्यांना त्याचा कंटाळाच होता. पण जपानी लोक अर्चिनच्या पोटातला पिवळा गर आवडीने खातात आणि त्याला चांगला पैसा देतात. 1987 च्या सुमारास मेनमधून जपानला माल जाऊ लागला आणि एकदम झुंबड उडाली. गर थंडीत चांगला भरतो, म्हणून ऐन हिवाळ्यात लोक बर्फासारख्या पाण्यात उड्या घेऊ लागले. काही जण तर नुकतेच बुडी शिकलेले. त्यात काहींचे प्राणही गेले. पाणबुड्यांच्या जोडीला तळ खरवडणाऱ्या बोटीही आल्या. 1993 साली सुमारे 4 कोटी पौंड अर्चिन निघाले, म्हणजे साधारण 18,000 टन!

सरकारने नवे परवाने थांबवले ते 1994 मध्ये. तोवर 2,700 च्या वर परवाने वाटून झाले होते. दार बंद केले खरे, पण सगळे आत आल्यावर. वीस वर्षांनी माल 1993 च्या दहाव्या हिश्श्यावरही राहिला नव्हता.

मला सर्वांत नवल वाटले ते पुढे काय झाले त्याचे. अर्चिन समुद्रातले शेवाळ खातो. अर्चिन गेले तसे शेवाळ दाट वाढले. त्या दाटीत खेकड्यांना लपायला जागा झाली आणि खेकडे अर्चिन खातात! तिथल्या शास्त्रज्ञांनी मोठे अर्चिन आणून पुन्हा तळावर सोडून पाहिले, तर खेकड्यांनी तेही फस्त केले. शेत पडीक ठेवले तर पुन्हा पिकते, पण इथे नुसते थांबूनही भागेना.

मग तेव्हा माणसे कमी का केली नाहीत? कारण ते सोपे नसते. समजा एका खडकावर दरवर्षी 100 टोपल्या नवा माल तयार होतो. पाच जण असतील तर प्रत्येकाला 20 टोपल्या, आणि खडक जसाच्या तसा. पन्नास जण आले तर वाट्याला दोन. दोन टोपल्यांत होडीच्या इंजिनाचे कर्ज कसे फिटणार? म्हणून प्रत्येक जण पाच टोपल्या काढतो आणि शंभराच्या जागी अडीचशे टोपल्या निघतात. यात कोणी लबाड नाही, सगळे गरजू आहेत. एकदा माणसाने कर्ज काढले, पोशाख घेतला, मुलांच्या फीचा हिशेब त्यावर बांधला, की त्याला जा म्हणणे म्हणजे त्याची चूल विझवणे. म्हणून धंदा नवा असतानाच माणसे मोजायची. गर्दी झाल्यावर मोजून काही होत नाही, हे मला तरी पटले.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, हे वेळेवर झाले. तिथे गुईडक नावाचा शिंपला मिळतो. आपल्या तिसऱ्यांचा लांबचा भाऊच म्हणा, पण भलताच मोठा. हत्तीच्या सोंडेसारखी नळी बाहेर काढून तो वाळूत हात-दोन हात खोल बसतो. पाणबुडे नळीने पाण्याचा जोरदार झोत मारून वाळू सैल करतात आणि त्याला हाताने उपसतात. हा प्राणी शंभर वर्षांहून जास्त जगतो. आज काढलेला शिंपला आपल्या पणजोबांच्या वेळचाही असू शकतो, मग त्याची जागा लवकर कशी भरणार?

हा धंदा 1976 मध्ये सुरू झाला आणि पहिल्या काही वर्षांतच परवाने आवरून शेवटी 55 वर आणले. 1989 पासून प्रत्येक परवान्याला वर्षाचा ठरलेला वाटा मिळतो. वाटा ठरलेला असल्यामुळे घाई नाही, वादळात समुद्रावर जायला नको. एकूण साठ्यातला शंभरात एक-दोन एवढाच माल वर्षाला काढतात. तिथले परवानेवाले संस्था करून देखरेखीचा आणि पाहणीचा खर्चही देतात. पाच हजार जण असते तर कोणी दिला असता?

पण नुसती माणसे मोजली की झाले, असेही नाही. त्याच प्रांतात ॲबलोन नावाची एक मोठी समुद्री गोगलगाय होती. तिच्यासाठी 1977 मध्ये फक्त 26 परवाने ठेवले. सव्वीसच! पण तेवढ्या जणांनीही जास्त काढली. मग दरवर्षी किती काढायचे ते ठरवले, तो आकडा कमी कमी करत नेला, तरी जमले नाही. शेवटी 1990 च्या डिसेंबरात ॲबलोन काढणे सर्वांनाच बंद झाले. यातली वाईट गोष्ट अशी की त्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या ओहोटीला ॲबलोन वेचून घरी खात होते. माल संपवला विकणाऱ्यांनी, पण बंदी त्यांच्याही ताटावर आली. ती अजून उठलेली नाही, कारण चोरून काढणारे थांबले नाहीत आणि ॲबलोन नीट वाढली नाही.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर 1969 सालीच ॲबलोनच्या पाणबुड्यांची संख्या 120 वर थांबवली होती. तरी 1985 पासून किती माल काढायचा तेही ठरवावे लागले, कारण पाणबुडे तेवढेच असले तरी होड्या आणि साधने सुधारत जातात, आणि एक माणूस पूर्वीच्या दोघांइतका माल काढतो.

आता आमच्या वर्गातल्या त्या प्रश्नाकडे येऊ. परवाना कोणाला द्यायचा? बहुतेक ठिकाणी जे आधीपासून काम करत होते त्यांना मिळाला. ठीक आहे. पण पुढे परवाना विकता येऊ लागला की त्याची किंमत भलतीच चढते. मग पैसेवाला माणूस परवाना घेऊन घरी बसतो आणि बुडी मारणारा त्याच्याकडे मजुरीला राहतो. हे मला आवडले नाही. गुरुजी म्हणाले, दार बंद करणे हा एक निर्णय आणि किल्ली कोणाकडे द्यायची हा दुसरा, पहिला बरोबर असला तरी दुसरा चुकू शकतो. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला की मग परवाना विकायचाच नाही, म्हातारपणी परत करायचा. दुसरा म्हणाला, मग होडीचे कर्ज राहिले असेल तर? त्यावर बराच वेळ गोंधळ झाला.

मेन राज्याने पुढे निराळीच युक्ती केली. जुने परवानेवाले कमी झाले की नव्या लोकांची नावे घेऊन सोडत काढायची. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला परवाना, मग तो श्रीमंत असो की गरीब. बाकीच्यांनी पुढच्या सोडतीची वाट पाहायची.