मुळशीत न सापडणारं पिवळं खनिज

लेखमाला : पायाखालचा दगड (भाग अकरावा)

मागच्या भागात आपण पुण्याच्या पूर्वेला वाघोलीच्या दगडखाणीत होतो आणि तिथल्या निळ्याशार कॅव्हनसाइटबद्दल बोललो होतो. या आठवड्यात पश्चिमेला, मुळशीत जाऊ. फरक एवढाच, की या वेळचं खनिज मुळशीत सापडत नाही. न सापडणाऱ्या खनिजावर अख्खा भाग खर्च करणं थोडं विचित्र वाटेल. पण दगडांच्या अभ्यासात एखादी गोष्ट कुठे नाही, याची कारणं शोधताना बरंच हाती लागतं. जॅरोसाइटच्या बाबतीत तर फारच.

जॅरोसाइट दिसायला काही खास नाही. खोक्यात मांडून ठेवावं असं रूप त्याला क्वचितच मिळतं. बहुतेक वेळा ते पिवळट, मधासारख्या किंवा तपकिरी रंगाच्या पापुद्र्यासारखं दगडावर बसलेलं असतं, नाहीतर मातीत पिवळी भुकटी होऊन मिसळलेलं. नखाने ओरखडत नाही, पण चाकूने सहज ओरखडतं. बिनझिलईच्या फरशीवर घासलं, तर फिकट पिवळी रेघ उमटते. स्पेनच्या आग्नेयेला सिएरा अल्माग्रेरा नावाच्या डोंगररांगेत हारोसो नावाची घळ आहे. तिथल्या नमुन्यांवरून १८५२ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ ब्राइटहाउप्ट यांनी त्याला हे नाव दिलं.

त्याची घडण मात्र बघण्यासारखी आहे. एक पोटॅशियम, तीन लोह, दोन सल्फेट आणि सहा हायड्रॉक्सिल असा हिशेब. वजनाने एक तृतीयांश लोखंड. हायड्रॉक्सिल म्हणजे हायड्रोजन-ऑक्सिजनची जोडी, पाण्याचाच एक तुकडा. हे खनिज तापवलं, की ते तुकडे जुळून पाणी होतं आणि बाहेर पडतं, शंभर ग्रॅममागे जवळपास अकरा ग्रॅम. म्हणून जॅरोसाइट जिथे असेल, तिथे ते तयार होताना पाणी होतं हे नक्की. आता ते पाणी कसलं होतं आणि नंतर त्याचं काय झालं, हे दोन प्रश्न उरतात.

त्यासाठी आधी ओळखीच्या नातेवाइकाकडे जाऊ : हिराकस. पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हिराकस सांगावा लागत नाही. उसावर केवडा पडला, पानं पिवळी-पांढरी झाली, की लोहाची कमतरता ओळखून हिराकस आणला जातो. आपल्या आजोबा-पणजोबांना तो शाईमुळे माहीत होता. सह्याद्रीत मिळणाऱ्या हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकला, की काळी शाई होते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. निसर्गात तो सापडतो, तेव्हा त्याला मेलांटेराइट म्हणतात. लोह-सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे सात रेणू, म्हणजे वजनाने ४५ टक्के पाणीच! कोरड्या हवेत उघडा ठेवला, की त्यातलं पाणी उडतं आणि हिरवट खड्यांवर पांढरी भुकटी धरते. चार रेणू उरले तर खनिजाचं नाव रोझेनाइट, एकच उरला तर झोमोल्नोकाइट. ही सगळी मंडळी पाण्यात विरघळतात. पहिल्या चांगल्या सरीत गायब. त्यांच्या तुलनेत जॅरोसाइट चिवट आहे, साध्या पाण्यात ते सहजी विरघळत नाही.

हिराकस निसर्गात तयार होतो तो पायराइटपासून. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं सोनेरी चमकीचं खनिज. ते जमिनीखाली बंद असेपर्यंत लाखो वर्षं स्वस्थ असतं. खाण खणली, भेग पडली, हवा आणि ओल आत गेली, की कुजायला लागतं. त्यातल्या गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि लोहाचा हिराकस. चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसापट्ट्यात कोळशाबरोबर पायराइट असतं. अशा ठिकाणी खाणीतलं पाणी आम्लधर्मी होण्यामागे हेच कारण. या कामात अ‍ॅसिडिथायोबॅसिलस नावाचे जिवाणूही हातभार लावतात. हिराकसातल्या लोहाला ऑक्सिजन देऊन ते त्यातून स्वतःची ऊर्जा मिळवतात. असं ऑक्सिजन लागलेलं, म्हणजे फेरिक झालेलं लोह जोरदार आम्लात राहिलं आणि भोवतीच्या मातीतून त्याला पोटॅशियम मिळालं, की जॅरोसाइट साकळतं. पोटॅशियम कमी पडलं, तर त्याच्या जागी सोडियमही चालतं.

अट एकच आणि ती कडक आहे. पाण्याचा सामू साधारण चारच्या खाली हवा. बहुतेक वेळा तो दोन-तीनच असतो. लिंबाच्या रसाइतकं आंबट पाणी! सामू वर चढला किंवा वरून गोडं पाणी वाहत राहिलं, तर जॅरोसाइट हळूहळू मोडतं. त्यातलं सल्फेट आणि पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातं आणि मागे गोथाइट उरतं, म्हणजे ज्याला आपण सरळ गंज म्हणतो तेच. जॅरोसाइट हे मधल्या मुक्कामावर अडकलेलं खनिज आहे. पाणी आलं, काम अर्धवट केलं आणि गेलं, तरच ते टिकतं.

आता मुळशीकडे. पौडच्या पुढे धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीपर्यंत जाताना जो काळा कातळ दोन्ही बाजूंना उभा आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या बेसाल्टमध्ये लोहाचं ऑक्साइड वजनाने दहा ते पंधरा टक्के असतं, त्यामुळे लोखंडाची कमी नाही. पोटॅश जेमतेम, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण खरी अडचण गंधकाची आहे. लाव्हा वर येताना त्यातला बराचसा गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन हवेत गेला. डायनासोरांच्या अखेरीच्या चर्चेत दख्खनच्या ज्वालामुखींचं नाव येतं ते बहुतांशी या वायूंमुळेच. जो थोडा गंधक दगडात राहिला, तो बारीक कणांत विखुरलेला. त्यातून आम्लाचा असा साठा होत नाही.

समजा, कुठे थोडं आम्ल झालंच, तर दगड स्वतःच ते मारून टाकतो. बेसाल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. झिजताना ते सुटतात आणि आम्ल शमवतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या तालुक्यांत तर हाच कॅल्शियम जमिनीत चुनखडी होऊन साचतो. तिथे नुसता हिराकस मातीत टाकला, तर त्यातलं लोह लगेच जखडलं जातं आणि पिकाला मिळतच नाही. म्हणून तो शेणखतात मुरवून द्यायचा किंवा फवारायचा, असं कृषी विद्यापीठं सांगतात. हिराकस टिकू न देणारी ही जमीन जॅरोसाइट काय होऊ देणार!

मुळशीत चुनखडी नाही, पण तिथे पाऊस आहे. ताम्हिणीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. याच पावसाच्या भरवशावर शंभर वर्षांपूर्वी टाटांनी मुळशीचं धरण बांधलं आणि त्याचं पाणी कोकणात भिऱ्याला उतरवून वीज केली. त्या धरणाविरुद्ध १९२१ पासून मुळशीकरांनी आणि सेनापती बापटांनी जो सत्याग्रह केला, तो आपल्याला ठाऊक आहे. इतका पाऊस जमिनीतलं सगळं विरघळणारं धुऊन नेतो. मुळशीची तांबूस माती किंचित आम्लधर्मी आहे खरी, पण सामू चारच्या जवळपासही जात नाही. मागे उरतं ते लोहाचं ऑक्साइड. म्हणून मुरुमाचा रंग तांबडा. हीच धुलाई फार काळ चालली की जांभा होतो, महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर आहे तसा.

एक छोटी तुलना करण्यासारखी आहे. मुळशीच्या आंबेमोहराच्या खाचरातलं एखादं भाताचं रोप उपटून मुळं धुऊन बघा. मुळांवर नारिंगी-तांबडा थर दिसतो. भाताचं मूळ चिखलात ऑक्सिजन सोडतं आणि मुळाभोवतीचं विरघळलेलं लोह गंजून तिथेच बसतं. आता केरळच्या कुट्टनाडकडे वळू. तिथेही भातच, पण जमीन समुद्रसपाटीच्याही खाली. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटपासून तिथल्या चिखलात पायराइट तयार झालं आहे. पाणी काढून जमीन वाळवली, की पायराइट कुजतं, आम्ल होतं आणि जुन्या मुळांच्या वाटांवर जॅरोसाइटचे फिकट पिवळे डाग धरतात. जगभरचे मृदाशास्त्रज्ञ अशी आम्ल-सल्फेट जमीन ओळखताना आधी हेच पिवळे डाग शोधतात. पीक तेच, चिखलही चिखलच. फक्त एकीकडे गोडं पाणी आणि दुसरीकडे समुद्र, म्हणून रंग बदलला.

आणि तरीही दख्खनच्या लाव्ह्याच्या प्रदेशात जॅरोसाइट सापडलं आहे. मुळशीपासून दूर, कच्छमध्ये. आशापुरा मातेच्या देवस्थानामुळे अनेकांना माहीत असलेलं मातानुमढ हे ते ठिकाण. दख्खनच्या लाव्ह्याची वायव्य कड तिथवर पोचते. झिजलेल्या बेसाल्टवर तिथे पॅलिओसीन काळातले थर बसलेले आहेत आणि परिसरात लिग्नाइटच्या खाणीही आहेत. अहमदाबादचं इस्रोचं अंतराळ उपयोग केंद्र आणि आयआयटी खरगपूर इथल्या संशोधकांनी २०१६ साली इथल्या जॅरोसाइटचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुळशीत नसलेल्या दोन्ही गोष्टी कच्छमध्ये आहेत : थरांमधला गंधक आणि वर्षाला जेमतेम साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस. तयार झालेलं जॅरोसाइट धुऊन न्यायला तिथे पाणीच पुरत नाही.

एवढ्याशा पिवळ्या पापुद्र्यात इस्रोला रस असण्याचं कारण मंगळ. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसाल्टचाच. १९७६ साली उतरलेल्या व्हायकिंग यानांना तिथल्या मातीत गंधक भरपूर दिसला होता. त्यावरून एमआयटीतले खनिजशास्त्रज्ञ रॉजर बर्न्स यांनी १९८७ साली मांडलं, की मंगळावर लोहाची सल्फेटं, त्यातही जॅरोसाइट, असायला हवं. पृथ्वीवरच्या धातुकांच्या झिजलेल्या माथ्यांचा त्यांचा अभ्यास होता आणि तीच रसायनं त्यांनी मंगळाला लावून पाहिली. बर्न्स १९९४ साली गेले. २००४ च्या जानेवारीत ऑपर्च्युनिटी हे यान मंगळाच्या मेरिडियानी सपाटीवर, ईगल नावाच्या लहानशा विवरात उतरलं. जर्मनीत माइन्झला बनवलेलं मॉसबाउअर उपकरण त्याच्या हातावर होतं. किरणोत्सारी कोबाल्टचे गॅमा किरण दगडावर सोडून त्यातलं लोह कोणत्या खनिजात बांधलेलं आहे, हे ते उपकरण सांगतं. मार्चमध्ये घोषणा झाली : जॅरोसाइट. बर्न्स यांचा अंदाज खरा ठरला, पण ते ऐकायला ते नव्हते. मला विचाराल, तर या सगळ्या शोधातली हीच गोष्ट सर्वांत चटका लावणारी आहे.

त्या घोषणेने मंगळावर कधीकाळी पाणी होतं याला भक्कम आधार मिळाला आणि वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. दुसरा अर्धा भाग मागे पडला. ते पाणी आम्लधर्मी होतं आणि जॅरोसाइट झाल्यानंतर तिथे फारसं पाणी आलंच नाही. आलं असतं, तर अब्जावधी वर्षांत त्याचा कधीच गंज झाला असता. मुळशीसारखा पाऊस मंगळावर पडला असता, तर ऑपर्च्युनिटीला तिथे गोथाइट दिसलं असतं.

२०२१ साली याला आणखी एक धागा जोडला गेला. अंटार्क्टिकातल्या टॅलॉस डोम इथल्या बर्फात खोलवर छिद्र पाडून काढलेल्या गाभ्यात इटालियन संशोधकांना जॅरोसाइट सापडलं. वाऱ्याने आलेली धूळ बर्फात अडकते, बर्फातलं थोडं आम्ल तिच्याभोवती गोळा होतं आणि तिथे हे खनिज जन्मतं. मंगळावरचंही असंच बर्फात तयार झालं असेल का, असा प्रश्न त्यातून पुढे आला.

व्यवहारातलं जॅरोसाइट मात्र फारसं रम्य नाही. जस्ताच्या कारखान्यांत धातुकाच्या द्रावणातलं नको असलेलं लोह काढून टाकायला ते मुद्दाम साकळवलं जातं. राजस्थानातल्या जस्त उद्योगात या पद्धतीने त्याचे मोठमोठे ढीग साचले. त्यात जड धातू अडकलेले असल्यामुळे ते कुठे ठेवायचं, हा प्रश्न असतो. सिमेंटमध्ये आणि रस्त्यांच्या भरावात ते वापरण्याचे प्रयत्न झाले आहेत.

ताम्हिणीत फिरताना कातळावर पिवळं काही दिसलं, तर लगेच मंगळ आठवू नका. बहुतेक वेळा ते दगडफूल असतं, नाहीतर पिवळट चिकणमाती किंवा गोथाइट. दगडफूल नखाने खरवडलं जातं. गोथाइटची रेघ पिवळट तपकिरी, जॅरोसाइटच्या रेघेपेक्षा बरीच गडद. आणि ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे, तेव्हा हातोडी घरीच ठेवा. रस्त्याकडेला सुटून पडलेले धोंडे बघायला पुरेसे आहेत. त्यांत लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दिसणाऱ्या विटकरी लाल पट्ट्याचे तुकडेही सापडतील. तो पट्टा म्हणजे भाजलेली माती की झिजलेली राख, यावर भूशास्त्रज्ञांत जुना वाद आहे. पुढचा भाग त्यावर.