सिमकार्डाचा कापलेला कोपरा

आजच्या भागाचे मुद्दे मी नाशिक हायवेवर, मोशीच्या अलीकडे बस अडकलेली असताना फोनवर टाईप केलेत. म्हणजे विचार करायला किती वेळ मिळाला असेल, ते चाकणला रोज जाणाऱ्यांना सांगायला नको.

आधी तुमचं सिमकार्ड आठवा. त्याचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, बरोबर? उलटं घालायला गेलात तर ते ट्रेमध्ये बसतच नाही. 'कृपया सिम नीट बसवा' अशी सूचना नाही की पॉप-अप नाही. चूक करायला जागाच ठेवलेली नाही. कारखान्यात याला म्हणतात पोका-योके. शब्द जपानी, पण भोसरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवर लोक तो इतक्या सहज वापरतात की वाटावं, खेड तालुक्यातलाच आहे.

गोष्ट 1961 सालची. शिगेओ शिंगो नावाचे इंजिनिअर जपानमधल्या यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात गेले. तिथे एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कधीतरी एक राहून जायची. 'लक्ष द्या' सांगितलं की चार दिवस फरक पडायचा, मग पुन्हा तेच. शिंगोंनी सुचवलं, आधी दोन स्प्रिंगा मोजून बशीत काढा, मग जोडणी करा. शेवटी बशीत स्प्रिंग दिसली, म्हणजे राहिली. झालं. खर्च एका बशीचा.

सुरुवातीला याचं नाव होतं बाका-योके. बाका म्हणजे मूर्ख. एका कारखान्यातल्या कामगार बाईंना ते इतकं लागलं की त्या रडल्या. मग शिंगोंनी नाव बदललं. पोका म्हणजे नकळत होणारी चूक, कुणाच्याही हातून होणारी.

हे वाचलं आणि मला पप्पांचा मेमो आठवला. पप्पा भोसरीत प्रेसवर होते. डबल ड्युटी करून, पहाटे एकदा त्यांच्या हातून पार्ट उलटे लागले आणि अख्खा बिन स्क्रॅपमध्ये गेला. मेमोवर कारण लिहिलं होतं: निष्काळजीपणा. तो पार्ट दोन्ही बाजूंनी बसू शकतो, हे कुणीच लिहिलं नाही.

आता माझी करामत ऐका. मागच्या वर्षी आम्ही चाकणच्या एका पुरवठादारासाठी ॲप करत होतो. लाईनवर डावा आणि उजवा ब्रॅकेट अदलाबदल व्हायचा. मी काय केलं? 'खात्री आहे का?' असा लाल पॉप-अप टाकला. दोन दिवसांत सगळे न वाचता 'हो' दाबायला लागले. (तुम्ही कुकीजचं काय करता? तेच.) पुन्हा अदलाबदल झाली, तेव्हा तिकिटावर मी लिहिलं, 'युजर एरर'. बीटेक झालेल्या माणसाचा निष्काळजीपणा हा शब्द.

मेंटेनन्सच्या एका काकांनी फिक्स्चरवर एक छोटी पिन वेल्ड केली. चुकीचा ब्रॅकेट आता बसेचना. माझा पॉप-अप मी गुपचूप काढून टाकला आणि पॅकिंगच्या टप्प्यावर, बारकोड जुळल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडणारच नाही असं केलं.

अर्थात पिन म्हणजे जादू नाही. टार्गेटच्या घाईत पिन ग्राइंड करून टाकणारे आणि सेन्सरवर चिकटपट्टी लावणारे महाभागही असतात. आणि सगळ्या चुका अशा अडवता येत नाहीत. पाठवलेल्या मेलला कसली पिन लावणार? तिथे जीमेलने दुसरी वाट काढली. 'अनडू सेंड' 2009 मध्ये प्रयोग म्हणून आलं, 2015 मध्ये सगळ्यांसाठी. मेल काही सेकंद थांबवून ठेवायचा, बस. चूक होणारच, मग निस्तरायला थोडा वेळ तरी द्या.

पिनची गोष्ट मी पप्पांना जेवताना सांगितली. मला वाटलं, मेमोबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "पिन किती एमएमची लावली?"

मला माहीत नव्हतं. सोमवारी काकांना विचारून घेतलं. सहा.