भिंतीपाशीं ठरणारी शर्यत

बारामती तालुक्यांतील लोणी भापकर या गांवीं मल्लिकार्जुनाचें जुनें देऊळ आहे, आणि देवळापाशीं दगडी पायऱ्यांची पुष्करिणी आहे. जवळच यज्ञवराहाची कोरीव मूर्ति आहे. हा मुलूख कमी पावसाचा. अशा ठिकाणीं पाणी दिसलें कीं माणसाच्या मनांत पहिला विचार येतो तो पिण्याचा, दुसरा पिकाचा; पोहण्याचा विचार फार मागाहून येतो.

तरीहि अशा पुष्करिणीच्या कांठीं उभें राहिलें असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. नदींत पोहणाऱ्याला पुढें पाणीच पाणी असतें; बांधीव जलाशयांत मात्र थोडे हात मारले न मारले तोंच समोर भिंत येते. ही भिंत पोहणाऱ्याची अडचण कीं सोय? प्रश्न साधा आहे. परंतु डिसेंबर २०१४ मध्यें दोहा येथें झालेल्या स्त्रियांच्या शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या जागतिक शर्यतीचें मर्म त्याच्या उत्तरांत आहे.

स्पर्धेचे तलाव दोन मापांचे असतात. एक पन्नास मीटर लांबीचा व दुसरा पंचवीस मीटर लांबीचा. ऑलिंपिक सामने पहिल्या प्रकारच्या तलावांत होतात. दुसऱ्या, म्हणजे आखूड तलावाची स्वतंत्र जागतिक स्पर्धा १९९३ सालीं स्पेनमधील पाल्मा येथें प्रथम भरली. दोहा येथील स्पर्धा त्याच मालिकेंतील होय. शंभर मीटरची शर्यत लांब तलावांत दोन फेऱ्यांत व एका वळणांत संपते. आखूड तलावांत तिला चार फेऱ्या व तीन वळणें लागतात. वरवर पाहतां असें वाटेल कीं, जितकीं वळणें अधिक तितका खोळंबा अधिक. प्रत्यक्षांत उलट घडतें. लिथुआनियाच्या रूता मेईलुतीते हिनें २०१३ सालीं दोन्ही तलावांत जागतिक उच्चांक केले. लांब तलावांत तिला १ मिनिट ४.३५ सेकंद लागले, तर आखूड तलावांत १ मिनिट २.३६ सेकंद. पोहणारी तीच, वर्ष तेंच, अंतरहि तेंच. परंतु दोन वळणें अधिक मिळालीं आणि जवळजवळ दोन सेकंद वाचले.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. खेड्यांतील मुलें विहिरींत बेडकासारखें पोहतात, त्याचेंच हें नियमबद्ध रूप. छाती खालीं ठेवून दोन्ही हात एकदम पुढें न्यावयाचे, बाजूंना फांकवून पाणी मागें ओढावयाचें आणि हात पुन्हां छातीखालून पुढें सोडावयाचे. पायांनीं टाचा जवळ ओढून, पावलें बाहेर वळवून, पाणी मागें ढकलावयाचें. डावें उजवें असा भेद चालत नाहीं; दोन्ही हात एकाच वेळीं व दोन्ही पाय एकाच वेळीं हलले पाहिजेत. प्रत्येक हाताबरोबर डोकें पाण्याबाहेर आलें पाहिजे. स्पर्धेंतील चार पद्धतींत ही सर्वांत मंद आहे. फ्रीस्टाइलमध्यें हात हवेंतून पुढें जातो. येथें हात आणि पाय दोन्ही पाण्यांतूनच पुढें आणावे लागतात, आणि तेवढा वेळ पाणीच पोहणारीला अडवून धरतें. प्रत्येक हाताबरोबर तिची गति वाढते आणि लगेच उतरते. बैलगाडी चढणीवर जशी धक्क्याधक्क्यानें चालते, तसाच हा प्रकार.

या अडवणुकींतून वाट काढण्याचे प्रयत्न पोहणाऱ्यांनीं फार पूर्वींपासून केले. १९३० नंतरच्या दशकांत कांहीं जणांनीं हात पाण्यावरून फेंकण्यास सुरुवात केली. ती युक्ति इतकी लाभली कीं, पुढें १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांनंतर बटरफ्लाय ही वेगळी पद्धतच मानण्यांत आली. दुसरी युक्ति पाण्याखालून जाण्याची. पृष्ठभागावर पोहणाऱ्याची बरीच शक्ति लाटा उठविण्यांत खर्च होते. खोल गेलें कीं तो खर्च वांचतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें जपानच्या मासारु फुरुकावानें दोनशें मीटरच्या शर्यतींतील बरेंचसें अंतर पाण्याखालूनच कापून सुवर्णपदक मिळविलें. त्यानंतर नियम बदलला. आतां शर्यतीच्या आरंभीं आणि प्रत्येक वळणानंतर मात्र थोडी सवलत आहे: पाण्याखालीं हातांची एकच पूर्ण ओढ, मांड्यांपर्यंत नेलेली, दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखा एक फटका, जो २००५ पासून मान्य झाला, आणि मग बेडकासारखी एक लाथ. पुढच्या हाताला डोकें वर आलेंच पाहिजे.

भिंतीचें महत्त्व येथें उघड होतें. भिंतीला पाय लावून ढकलल्यावर शरीर बाणासारखें सरळ सुटतें आणि त्या क्षणाची गति पृष्ठभागावरील कोणत्याहि गतीपेक्षां अधिक असते. त्यांत पाण्याखालची ती एक ओढ मिळाली कीं फेरीचा मोठा भाग लाटांच्या त्रासावांचून पार पडतो. आखूड तलावांत ही संधि तीनदां येते.

परंतु भिंत फुकट कांहीं देत नाहीं. वळतांना दोन्ही हात एकाच वेळीं भिंतीला लागले पाहिजेत. एक हात आधीं लागला तर पोहणारी बाद होते. शिवाय हाताचा हिशेब आधींच जुळवावा लागतो. भिंत अर्ध्या हातावर राहिली तर दोनच मार्ग उरतात: नुसतें तरंगत जाऊन गति गमवावी, किंवा घाईनें एक तोकडा हात मारावा. म्हणून चांगली पोहणारी भिंत येण्याच्या पुष्कळ आधीं तिचा अंदाज घेते. दमलेल्या शरीरानें, श्वास लागलेला असतांना, हा हिशेब करावयाचा असतो.

दोहा येथील अंतिम शर्यतींत मेईलुतीते उतरली तेव्हां ती सतरा वर्षांची होती. १ मिनिट २.३६ सेकंदांचा उच्चांक तिच्याच नांवावर होता, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें पंधराव्या वर्षीं तिनें याच अंतराचें सुवर्णपदक मिळविलें होतें. तिच्याशीं गांठ होती जमैकाच्या आलिया अॅट्किन्सनची, वय पंचवीस. लंडनच्या अंतिम शर्यतींत अॅट्किन्सनला चौथा क्रमांक मिळाला होता, आणि त्या शर्यतींत प्रवेश मिळण्यासाठींहि तिला आधीं बरोबरीच्या प्रतिस्पर्धिनीशीं एक जादा शर्यत पोहावी लागली होती.

दोहा येथें अॅट्किन्सनचे हात भिंतीला लागले तेव्हां घड्याळ १ मिनिट २.३६ सेकंदांवर थांबलें. मेईलुतीते १ मिनिट २.४६ सेकंदांत आली. अंतर एक दशांश सेकंदाचें. या गतीनें पोहणारी एका सेकंदांत सुमारें एक मीटर साठ सेंटिमीटर जाते. म्हणजे दोघींत सोळा सेंटिमीटरांचें, एका वितीहूनहि कमी अंतर होतें. शंभर मीटर पोहून शेवटीं प्रश्न उरला तो वितीचा. तीन वळणांपैकीं एका वळणाशीं हिशेब किंचित् चुकला, तर एवढें अंतर सहज जातें.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. अॅट्किन्सनची वेळ जुन्या उच्चांकाशीं शतांश सेकंदापर्यंत जुळली. म्हणून उच्चांक दोघींच्या नांवें नोंदला गेला, आणि हरलेली मेईलुतीतेहि उच्चांकाची धनीण राहिली. शतांशाच्या पलीकडे मोजीत नाहींत, यालाहि कारण आहे. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्यें एका शर्यतीचा निकाल दोन सहस्रांश सेकंदांनीं लागला. इतक्या सूक्ष्म वेळांत पोहणारा जेवढें अंतर कापतो, त्याहून अधिक फरक तलावाच्या निरनिराळ्या पट्ट्यांच्या बांधकामांतच असूं शकतो. तेव्हां सहस्रांश सोडून देण्यांत आले. गवंड्याच्या चुकीचें फळ पोहणाऱ्याच्या पदरीं पडूं नये, हा न्याय योग्यच होता. पुढें २०१६ सालीं फ्रान्समधील शार्त्र येथें अॅट्किन्सननें पुन्हां तीच वेळ नोंदविली.

दोहाच्या त्या संध्याकाळीं फलकाकडे पाहून अॅट्किन्सनचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिच्या विस्मित चेहऱ्याचें चित्र जगभर गेलें. पोहण्याचें जागतिक अजिंक्यपद मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. कृष्णवर्णीयांचें शरीरच पोहण्याजोगें नसतें, असा समज अनेक देशांत दीर्घकाळ रूढ होता. त्यामागचें खरें कारण शरीरांत नव्हतें. अमेरिकेंत अनेक ठिकाणीं सार्वजनिक तलावांचे दरवाजे त्यांना बंद होते. ज्याला पाण्यांत पाऊलच टाकूं दिलें नाहीं, तो पोहण्यांत मागें राहिला यांत नवल कसलें? पाण्यापाशीं कोणी जावें आणि कोणी जाऊं नये, हा वाद महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे हजारों अनुयायी प्याले, तें तहान भागविण्यापुरतें नव्हतें. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे हें सिद्ध करण्यासाठीं होतें.

स्त्रियांची गोष्ट याहून फार निराळी नाहीं. खेड्यांत उन्हाळा आला कीं पाठीला सुका भोपळा बांधून मुलगा विहिरींत उतरतो आणि आठ दिवसांत पोहूं लागतो. त्याची बहीण त्याच विहिरीचें पाणी रोज डोक्यावरून वाहते. तिच्या पाठीला भोपळा बांधण्याचें सहसा कोणाला सुचत नाहीं. जेथें सुचलें तेथें फळ मिळालेंच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला भारताच्या ज्या जलतरणपटु मुली गेल्या, त्यांत मुंबईची डॉली नाझीर होती आणि कलकत्त्याची आरती साहा होती. आरती तेथें दोनशें मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहली, आणि २९ सप्टेंबर १९५९ रोजीं इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशियांतील पहिली स्त्री ठरली.

प्रत्येक मुलीनें शर्यत जिंकावी असें नाहीं. पण प्रत्येकीला पाण्यांत निर्भय राहतां यावें, ही अपेक्षा मोठी नाहीं. आणि त्यासाठीं बेडकाची ही पद्धति फार सोयीची आहे, कारण तींत तोंड वारंवार पाण्याबाहेर येतें व कांठ डोळ्यांसमोर राहतो. शर्यत पोहणारीला भिंत पुढच्या फेरीचें बळ देते. नवशिक्या मुलीला तीच भिंत हात टेकण्याचा आधार देते. दोघींनाहि त्या भिंतीपर्यंत पोंचण्यासाठीं आधीं कोणीतरी पाण्यांत उतरूं द्यावें लागतें.